जंगलवाल्या गटाला व्हिलन करण्याआधी : मराठी डीएम मंडळींना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

पुण्यात, मुंबईत, नाशकात, कोल्हापुरात कुणाच्या तरी हॉलमध्ये सतरंजी टाकून, नाहीतर रात्री जेवणं उरकल्यावर कॉलवर जमून जे जे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा आपापलं पात्र घेऊन, फासे टाकत गोष्ट रंगवायचा खेळ चालवतायत त्या सगळ्या डीएमना, म्हणजे गोष्ट रचून पुढे नेणाऱ्या डंजन मास्टरना, हे पत्र आहे. मी गेली बरीच वर्षं खेळते, त्यातलं बहुतेक सगळं ड्रुइड, म्हणजे निसर्गाची जादू करणारं आणि प्राण्याचं रूप घेणारं पात्र, म्हणूनच, आणि मधेमधे स्वतःही टेबल चालवते. मागणी एकच आहे, पण ती नीट सांगायला थोडं लांबण लावणार आहे, तेवढं चालवून घ्या.

तुमच्या प्रत्येकाच्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे अनेक सेशन चालणाऱ्या गोष्टीत, तो ड्रुइडांचा गट असतोच. हिरवे झगे, हातात वाकड्या काठ्या, घनदाट अरण्यात बसलेले, शहरं म्हणजे पृथ्वीला झालेला रोग आहे असं मानणारे. पहिल्या भेटीत ते धमकी देतात, मग कुठल्यातरी गावाच्या विहिरीत विष टाकतात, लांडगे सोडतात, आणि दोन सेशननंतर प्लेयर त्यांना मारून एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, घेऊन मोकळे होतात. त्यांचा पुढारी मरताना काहीतरी शाप देतो. संपलं. मला या गटाबद्दल मनापासून प्रेम आहे आणि दरवेळी त्याची अशी वाट लागते ते बघून वाईट वाटतं, कारण त्यांच्याकडे बोलायला खूप काही असतं आणि त्यांना कुणी बोलूच देत नाही. शहर नको हे ते दहादा सांगतात, पण त्यांना हवंय काय, हे डीएमने लिहिलेलंच नसतं.

हा गट आपल्याकडे आला 'फर्गॉटन रेल्म्स' या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या काल्पनिक जगातून, शॅडो ड्रुइड नावाने. आपल्यातले बरेच जण त्यांना 'बाल्डर्स गेट' या त्याच जगातल्या कॉम्प्युटर गेम्समध्येच पहिल्यांदा भेटलेत म्हणून तिथूनच बोलते.

पहिला गेम 1998 चा. त्यात क्लोकवुड नावाचं जंगल आहे आणि त्या जंगलाच्या पोटात आयर्न थ्रोन या व्यापारी टोळीची चोरटी लोखंडाची खाण आहे, गुलाम राबवून चालवलेली. बाहेर सगळ्या प्रदेशात लोखंडाचा दुष्काळ, हत्यारं हातात मोडतायत, आणि हे लोक इथे गुपचूप साठा करतायत, पुढे भाव आणि सत्ता दोन्ही हातात घ्यायला. आता मला सांगा, शहर आणि व्यापार नको म्हणणाऱ्या ड्रुइडांना याच्यापेक्षा भक्कम कारण कुठलं पाहिजे? फाल्डॉर्न ही शॅडो ड्रुइड तिथेच भेटते, तिला आपल्या पार्टीत, म्हणजे साथीदारांत, घेता येतं. आणि त्याच जंगलाच्या सुरुवातीला अल्डेथ नावाचा एक श्रीमंत घरचा शिकारी आपल्या लॉजमध्ये बसलेला असतो, तो मदत मागतो, थोड्या वेळाने सेनियाड नावाचा ड्रुइड आपली माणसं घेऊन येतो आणि सांगतो की याने आमचा माणूस मारलाय. तिथे ठरवायचं, कुणाच्या बाजूने उभं राहायचं. मला तो प्रसंग अजून आवडतो. कारण तिथे ड्रुइड "निसर्ग! संतुलन!" असं काही ओरडत नाहीत, एक खून झालाय आणि खुनी समोर उभा आहे, एवढंच म्हणतात. साधा, कुणालाही कळेल असा दावा.

पण खाणीचं काय होतं बघा. खाण बुडवतो तो प्लेयर, खाली उतरून, आयर्न थ्रोनच्या जादूगाराला मारून, चावी मिळवून. ज्यांच्या जंगलात ती खाण होती त्यांचा त्यात हात नाही, नंतर त्या जागेचं काय झालं तेही नाही. सगळ्यात मोठा अन्याय त्यांच्या अंगणात आणि निकाल बाहेरच्याने लावला.

दुसऱ्या गेममध्ये, 2000 साली, हीच फाल्डॉर्न व्हिलन म्हणून परत येते. ट्रेडमीट हे व्यापारी गाव, जंगली जनावरं त्यावर हल्ले करतायत, कारण फाल्डॉर्नने जवळचा ग्रोव्ह, म्हणजे ड्रुइडांची पवित्र राई, ताब्यात घेतलाय. तुम्ही जायचं, जाहेरा नाहीतर सेर्न्ड या आपल्या साथीदार ड्रुइडला पुढे करून तिला द्वंद्वात हरवायचं, परत यायचं, आणि मग गाव खुश होऊन चौकात तुमचे पुतळे उभारतं. मी ते पुतळे बघितले तेव्हा मला प्रश्न पडला की या गावाने नक्की केलं काय होतं? काही केलं असेल तर ते दाखवा ना. झाडं तोडली, नदी अडवली, कातड्यांचा धंदा काढून पाणी नासवलं, काहीतरी. आणि काहीच केलं नसेल तर फाल्डॉर्नला मधल्या काळात एवढं वेड का लागलं ते तरी दाखवा. दोन्ही नाही.

आणि मग 2023 चा तिसरा, जो तुमच्यातल्या जवळपास सगळ्यांनी खेळलाय. एमराल्ड ग्रोव्ह, तिथली ड्रुइड पुढारी कागा, आणि दारात अडकलेले टीफलिंग, म्हणजे सैतानी वंशाचे शिंगं-शेपटीवाले, निर्वासित. एल्टुरेल शहरातून हाकललेली माणसं, पोरंबाळं घेऊन निघालेली, बाहेर गॉब्लिन टपलेले, आणि कागा म्हणते बाहेर व्हा, आम्ही काट्यांचा विधी करून ग्रोव्ह कायमचा बंद करतोय. अराबेला नावाची लहान मुलगी मूर्ती चोरते तर तिच्यावर विषारी साप सोडून ठेवलेला. तो सीन लिहिलाय जबरदस्त, त्यात वाद नाही, साप फणा काढून बसलाय आणि पोरगी जागेवर थिजलीये आणि तुमच्या फाशाच्या एका रोलवर तिचा जीव. पण शांतपणे विचार करा, त्या टीफलिंगांनी एक झाड तरी तोडलंय का? त्यांना तिथे शहर वसवायचंय का? ते तर वाटसरू आहेत, त्यांना निघूनच जायचंय. मग हा निसर्ग विरुद्ध संस्कृती असा झगडा उरतच नाही, हा झाला घाबरलेल्या लोकांनी दार लावून घेण्याचा झगडा, जो कुठल्याही गावात, कुठल्याही सोसायटीत होऊ शकतो. पुढे दलदलीत लपवलेलं पत्र सापडतं, कागाला शॅडो ड्रुइडांनी फूस लावली होती हे कळतं, आणि ते स्वतः उंदीर होऊन ग्रोव्हमध्येच फिरत असतात. म्हणजे आता ते जंगलासाठी लढणारेही राहिले नाहीत, नुसते कट करणारे राहिले. कागाचं मन वळवता येतं ही त्यातली खरी चांगली गोष्ट. पण तिला वळवताना तिच्याशी जंगलाबद्दल कुणी वाद घालत नाही.

माझी तक्रार गेम करणाऱ्यांकडे नाहीये, त्यांनी त्यांचं काम केलं आणि मला त्या तिन्ही गेम्सनी खूप काही दिलंय. तक्रार आपल्याकडे आहे. कॉम्प्युटरवरच्या गेमला हजार गोष्टी सांभाळाव्या लागतात, तुमच्या टेबलावर मात्र चार माणसं आहेत आणि तुम्ही त्यांच्यासाठी काहीही लिहू शकता, तरी तुम्ही तीच कागा परत आणता.

थोडं मागे जाऊ, कारण हा गट जिथून आला ती मूळ गोष्ट जास्त चांगली आहे. खरे ड्रुइड, गॉल (आजच्या फ्रान्सच्या आसपासचा भाग) आणि ब्रिटनमधले, त्यांनी स्वतःबद्दल एक ओळ लिहून ठेवली नाही, सगळं तोंडपाठ. गॉल जिंकणारा रोमन सेनापती सीझर लिहितो की काहींचं शिक्षण वीस वीस वर्षं चालायचं. आणि तोच लिहितो की ते न्यायनिवाडा करायचे, खून असो, वारसा असो, हद्दीचा तंटा असो, आणि त्यांचा निकाल जो मानणार नाही त्याला यज्ञाला येऊ द्यायचे नाहीत, ही सगळ्यात मोठी शिक्षा. म्हणजे हे जंगलात पळालेले वेडे नव्हते, ते त्या समाजाचे न्यायाधीश आणि मास्तर होते! मग इसवी सन 60 च्या सुमारास रोमन सेनापती पॉलिनसने मोना बेटावर, आजच्या अँगलसीवर, हल्ला केला. रोमन इतिहासकार टॅसिटसने लिहून ठेवलंय की किनाऱ्यावर मशाली घेतलेल्या बायका धावत होत्या, ड्रुइड आकाशाकडे हात करून शाप देत होते, रोमन सैनिक क्षणभर गोठून उभे राहिले, आणि मग त्यांनी बेट जिंकलं आणि पवित्र राया तोडून टाकल्या. तिथे नरबळी द्यायचे असंही तो लिहितो, खरं असेलही. पण लक्षात घ्या, ड्रुइडांबद्दलचं हे सगळं लिहिलंय बाहेरच्यांनी, आणि त्यातलं बरंचसं तर त्यांना जिंकणाऱ्यांनीच. तुमच्या कॅम्पेनमध्ये गावचा पाटील येऊन "जंगलातले लोक पोरं खातात" असं सांगतो तेव्हा तो त्या रोमन माणसाच्या जागी उभा असतो. प्लेयरना ते कळायची सोय तरी ठेवा.

आणि हे समजायला अँगलसीला कशाला जायला पाहिजे, आपल्याला लहानपणापासून खांडववन माहितीये. अग्नीला भूक लागली म्हणून कृष्णार्जुनांनी अख्खं वन जाळायला मदत केली, इंद्र पाऊस पाडायला लागला तर अर्जुनाने बाणांनी तो अडवला, आणि पळून जाणारा जीव पळू दिला नाही. तक्षक त्यावेळी तिथे नव्हता म्हणून वाचला. त्याचा मुलगा अश्वसेन निसटला, पण त्याला वाचवताना त्याची आई मेली. मयासुर शरण आला म्हणून वाचला आणि त्याने त्या उपकाराची फेड म्हणून मयसभा बांधली, तीच मयसभा जिच्यात दुर्योधन पाण्यात पडला. आणि अश्वसेन? तो विसरला नाही, युद्धात कर्णाच्या बाणावर येऊन बसला, अर्जुनाच्या गळ्यासाठी. तक्षकाने पुढे परीक्षिताला मारलं, मग जनमेजयाने सर्पसत्र मांडलं. एका जळलेल्या जंगलाचा हिशेब किती पिढ्या चालला! शहराच्या मुळावर उठलेला गट लिहायचाय ना, मग तो असा लिहा. अश्वसेन ज्याच्या बाणावर बसला त्या कर्णाने त्याला परत बाणावर घ्यायला नकार दिला, हे सुद्धा विसरू नका, कारण असा गट टेबलावर आला की प्लेयरना हाच प्रश्न पडला पाहिजे, यांचा राग खरा आहे, पण यांच्या बाणाला मी माझं धनुष्य देऊ का?

आता मुख्य मुद्द्यावर येते. या गटाला लिहिताना आपण एक चुकीचं जंगल डोळ्यासमोर ठेवतो, माणूस नसलेलं. असं जंगल असलं की रक्षकांना करण्यासारखं एकच काम उरतं, आलेल्याला हाकलणं नाहीतर मारणं. म्हणून ते सगळे एकसारखे होतात. त्याऐवजी देवराई डोळ्यासमोर आणा, आणि मी हे अभिमान म्हणून सांगत नाहीये, कामाची गोष्ट म्हणून सांगतेय.

सह्याद्रीत आणि कोकणात ज्यांनी देवराई बघितलीये त्यांना माहितीये, उघडी बोडकी टेकडी चढत जायचं आणि एकदम एका रेषेपासून अंधार सुरू होतो. मांडीएवढ्या जाड गारंबीच्या वेली एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेल्या, जुने बेहडे, खाली कुजलेल्या पानांचा थर, त्यात पाय रुतणारा, आणि मध्ये कुठेतरी उघड्यावर शेंदूर लावलेली काळकाई नाहीतर वाघजाई. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात या राया फिरून अभ्यासल्या, तेव्हाच दिसलं होतं की आजूबाजूचं रान संपलं तरी हे तुकडे टिकलेत. टिकले कसे? कुणी तलवार घेऊन उभं नव्हतं. नियम होते. कुऱ्हाड न्यायची नाही. कितीतरी ठिकाणी पडलेली काटकी सुद्धा उचलायची नाही. लाकूड लागलंच तर देवीला विचारायचं, कौल लावायचा, गुरव पाषाणाला कळे चिकटवतो आणि उजवा पडतो का डावा ते सगळं गाव श्वास रोखून बघतं. डावा पडला तर पाटील असो की आणखी कुणी, हात लावायचा नाही. आणि खाली झरा असतो, त्याच्यावर गावाची शेतं आणि विहिरी. म्हणजे गाव आणि राई हे एकाच व्यवहाराचे दोन हिस्सेदार. नियम मोडणारा माणूस बाहेरचाच असतो असंही नाही, हल्ली तर कितीतरी देवराया गावानेच तोडल्यात, देवीचं स्लॅबचं मोठं मंदिर बांधायला पैसा पाहिजे म्हणून. देवीच्या राईची झाडं विकून देवीलाच टाइल्स लावायच्या. हे बघताना पोटात कालवतं.

हे सगळं टेबलावर आणून बघा. तुमच्या ड्रुइडांचा एक ग्रोव्ह आहे, खालच्या गावाचं पाणी तिथून येतं, पिढ्यानपिढ्या करार आहे की वरून काही न्यायचं ते विचारून. आता बंदरावरचं मोठं शहर जहाजांसाठी सागाची मागणी करतंय आणि भाव असा देतंय की गावातल्या दहा घरांची कर्जं फिटतील. गावात दोन तट पडतात. ड्रुइडांमध्येही पडतात. थोरले म्हणतात कौल लावू, तरुण म्हणतात कौल कशाला, आरा घेऊन येणाऱ्याचा हात तोडू. हे तरुण म्हणजे तुमचे शॅडो ड्रुइड! आता ते आभाळातून पडलेले नाहीत, त्यांनी थोरल्यांना एकेक सवलत देताना बघितलंय, आधी वाळलेलं लाकूड, मग कडेची झाडं, मग रस्त्यापुरती थोडी. त्यांचं म्हणणं चूक आहे असं प्लेयर एका वाक्यात सांगूच शकत नाहीत. विहिरीत विष टाकायची कल्पना त्यांच्यातल्या एकाच्या डोक्यात आली तर ती का आली हे कळतं, आणि तरी ती थांबवावी लागते, कारण त्या विहिरीचं पाणी लाकूडतोडे पितात तसंच त्यांच्याच बहिणी पितात.

लोखंडाचा नियम घ्या. ड्रुइड धातूचं चिलखत घालत नाही हे आपण सगळे वर्षानुवर्षं खेळतोय, 2014 च्या नियमांतही ते होतं, आणि नवा प्लेयर विचारतो का बरं, तर डीएम म्हणतो नियम आहे. अहो कारण आहे की! लोखंड वितळवायला कोळसा लागतो, कोळसा करायला झाडं लागतात, एकेका भट्टीपायी डोंगर बोडके होतात. ड्रुइडच्या अंगावर लोखंड नाही कारण त्याला प्रत्येक साखळीत किती झाडं गेली ते दिसतं. आता तुमच्या पार्टीतला फायटर, म्हणजे लढवय्या, फुल प्लेट हे अंगभर लोखंडी चिलखत घालून ग्रोव्हच्या दारात आला की त्याला ते चिलखत बाहेर काढून ठेवायला सांगा, जशा आपण चपला बाहेर काढतो, आणि आत एखाद्या म्हातारीला त्याला फक्त एवढंच विचारू द्या की हे कुठल्या जंगलाचं. लढाई नको, रोल नको. आमच्या टेबलावर मी हे केलं तेव्हा फायटर खेळणारा मुलगा बराच वेळ काही बोलला नाही, आणि पुढच्या सेशनला त्याने लोहाराकडे जाऊन खरंच चौकशी केली की लोखंड येतं कुठून. तिथून आमचं अर्धं कॅम्पेन निघालं.

गेममध्ये हे नीट केल्याचं उदाहरण पाहिजे तर 2002 चा 'वॉरक्राफ्ट 3' आठवा. माणसं आणि ऑर्क लाकूड आणायला जातात तर झाड पडतं, जंगल मागे सरकतं, नकाशावर डोळ्यांना दिसतं. नाइट एल्फ या जंगलातल्या जमातीचा विस्प, म्हणजे उजेडाच्या गोळ्यासारखा कामकरी, झाडावर बसून लाकूड गोळा करतो आणि झाड तसंच उभं राहतं. एक शब्द न बोलता त्या गटाचा अख्खा धर्म कळतो, तो रोजच्या कामात आहे म्हणून. तुमच्या ड्रुइडांचं रोजचं काम काय? ते जेवतात काय, घर कशाचं, मेल्यावर पुरतात की जाळतात, जाळतात तर लाकूड कुठून आणतात, आजारी पोराला औषध संपलं तर शहरात जातात का, आणि गेले तर परत आल्यावर त्यांना कोण काय म्हणतं? हे लिहिलंत तर झग्याचा रंग नाही लिहिला तरी चालेल.

काही जण म्हणतील, आम्हाला शनिवारी तीन तास मिळतात, प्लेयरना मारामारी पाहिजे, हे कौल आणि करार कोण ऐकत बसणार. मारामारी ठेवा ना, मलाही लांडगा होऊन चावायला आवडतंच. पण शेवटी ग्रोव्ह जाळून लूट वाटून घेतल्यावर खालच्या गावाचा झरा आटू द्या. पुढच्या वेळी त्या गावात मुक्कामाला आले की पाण्याला पैसे पडू द्या. ट्रेडमीटसारखे पुतळे उभारायचे असतील तर उभारा, पण त्या चौकातला हौद कोरडा ठेवा आणि प्लेयरनी विचारलं तरच कारण सांगा.

आणि ड्रुइड जिंकले तरी हिशेब ठेवा. शहर पडलं तर तिथले धनगर, कुंभार, सुईणी, वेशीबाहेर राहणारे, ज्यांनी एक झाड पाडलं नाही, ते कुठे जातील? ते जंगलाच्याच दारात येणार. टीफलिंगांसारखे. त्या दिवशी तुमच्या ड्रुइडांनी काय करायचं हे प्लेयरना ठरवू द्या, आणि यावेळी त्यांना कागाशी जंगलाबद्दल बोलू द्या, किती माणसं या राईवर जगू शकतात, कुठल्या बाजूने आत यायचं, चूल कुठे मांडायची, काटक्या कुठल्या उचलायच्या.

दिवाळीच्या सुट्टीत बरीच नवी टेबलं सुरू होतात म्हणून आत्ताच लिहितेय. ज्यांना सुरुवात करायला काही तयार पाहिजे असेल त्यांच्यासाठी माझ्याकडे एका ग्रोव्हचा नकाशा आहे, झरा, खालचं गाव, कौलाचे नियम आणि दोन्ही तटांतल्या माणसांची नावं आणि नाती सगळं लिहिलेलं, सांगा, पाठवते. बदल हवे तेवढे करा. फक्त त्या तरुण ड्रुइडांना पहिल्याच सेशनला मारू नका.

तुमची,
तिसऱ्या लेव्हलची एक ड्रुइड